चाळीस दिवसांचा चुना

अस्सक देशातल्या पोतन नगरात सुयाम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका लेखकाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव वसुगुप्त. पाचव्या वर्षी तो अक्षरे गिरवू लागला आणि विसाव्या वर्षी राजाच्या लेखनशाळेत लागला. त्याचे अक्षर इतके देखणे होते की लोक म्हणत, ह्याने शिवी लिहिली तरी वाचणारा आधी नमस्कार करील.

सुयाम राजा न्यायी होता. त्याला घोड्यांचा नाद होता आणि एका गोष्टीचा घोर होता. नगरातला म्हातारा घंटाकार मेला आणि त्याच्याबरोबर घंटा ओतायची विद्याही गेली. त्याच्या मागे लोकांनी घंटा ओतली, ती परातीवर पळी आपटावी तशी वाजू लागली. राजाने वसुगुप्ताला बोलावले.

"प्रत्येक कारागिराकडे जा. त्याला जे येतं ते लिहून घे. माणसं मरतात. लिहिलेलं राहतं."

हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. वाईट हेतूने झालेले नुकसान ओळखू येते. चांगल्या हेतूने झालेले ओळखायला फार वेळ लागतो.

लिहायची एक रीत ठरली. कारागिराने सांगायचे, वसुगुप्ताने कापडी पटावर लिहायचे, आणि शेवटी कारागिराने उजवा हात गेरूत बुडवून पटावर पंजा उमटवायचा. पंजा म्हणजे शपथ. लिहिलेले खोटे निघाले आणि त्यापायी कुणाचा जीव गेला, तर तो हात तोडायचा. हात तोडायची वेळ कधी येईल असे कुणालाच वाटले नव्हते. नियम करताना कुणाला तसे वाटत नाही.

वसुगुप्त सुताराकडे गेला, लोहाराकडे गेला, रंगाऱ्याकडे गेला. मग तो नदीकाठी चुनाभट्टीवर गेला. तिथे सामा नावाची बाई होती. तिचा नवरा भट्टीच्या धुराने खोकून खोकून गेला, तेव्हापासून तीस वर्षे ती एकटी चुना करीत होती. चुनखडी भट्टीत भाजायची. भाजलेली कळी खड्ड्यात टाकून पाण्याने फोडायची. मग पाण्याखाली झाकून ठेवायची आणि थांबायचे. चुना खड्ड्यात पिकतो. कच्चा काढला तर त्यात न फुटलेले खडे राहतात. ते भिंतीत गेले की महिन्या-दोन महिन्यांनी पाणी पिऊन फुगतात आणि भिंत आतून उकलते. वरून ती गुळगुळीतच दिसते.

"किती दिवस ठेवायचा?" वसुगुप्ताने विचारले.

"पिकेपर्यंत."

"पिकला हे कसं ओळखायचं?"

"हात घालून."

"हाताला काय लागतं? मऊ लागतो? गार लागतो?"

सामाने खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चुना बोटांमधून जाऊ दिला. "मऊ तर चौथ्या दिवशीच लागतो. गारही लागतो. ते नाही हो."

"मग काय?"

"आता काय सांगू? कच्चा असला की आत त्याची कुरकुर चाललेली असते. पिकला की गप्प होतो."

"ऐकू येते कुरकुर?"

"कानाला कशी येईल? हाताला येते."

वसुगुप्ताची लेखणी तिथे थांबली. चुना कुरकुर करतो असे पटावर लिहिले तर लेखनशाळेत हसू होईल, असे त्याला वाटले. "बाई, हे राजापुढे चालायचं नाही. आकडा सांगा."

"आकड्याने कुठे चुना पिकतो?"

"तीस वर्षं करताय. काहीतरी आकडा असेलच ना."

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही दिवशी आला. तिसऱ्या दिवशी सामाने चुना मळायला घाणीला बैल जुंपले होते आणि ऊन डोक्यावर आले होते. ती वैतागली. समोरच्या खड्ड्यात हात घालून म्हणाली, "ह्या खड्ड्याला वीस झाले, अजून वीस लागतील. घ्या, चाळीस. लिहा आणि मला सोडा. बैल तापलेत."

वसुगुप्ताने सुंदर अक्षरात लिहिले, चुना चाळीस दिवस पाण्याखाली मुरवावा. सामाने गेरूत हात बुडवला आणि पंजा उमटवला. काय लिहिले ते तिला वाचता येत नव्हते, आणि त्याने वाचून दाखवले नाही. तो खड्डा कोणता, दगड कुठला, भट्टीत लाकूड कसले, उन्हाळा होता की पाऊस, ह्यातले काहीही पटावर आले नाही. आला तो आकडा. वसुगुप्त समाधानाने घरी गेला. इतक्या दिवसांत त्याने एकदाही खड्ड्यात हात घातला नव्हता.

वर्षभरात ग्रंथ पुरा झाला. राजाने वसुगुप्ताला प्रमुख लेखक केले आणि पांढरी छत्री दिली. तो चालू लागला की मागून एक माणूस छत्री धरून चाले.

तीन वर्षे गेली. नगराच्या उतारावर कुंभारवाडा होता. तिथल्या विहिरींना खारे पाणी लागे. राजाने टेकडीवर मोठा हौद बांधायला काढला आणि ते काम प्रमुख स्थपती इंद्रकेतू ह्याच्याकडे दिले. इंद्रकेतू आळशी नव्हता आणि चोरही नव्हता. तो घाईत होता. उन्हाळ्याच्या आत पाणी देतो, असा शब्द त्याने राजाला दिला होता. चुनखडी नव्या टेकडीतून आली, ती कठीण होती. भट्टीत घातले ते लाकूड पावसात भिजलेले होते, त्यामुळे दगड कुठे जास्त भाजला, कुठे कमी. सामाने कळी फोडली, झाकली आणि ती थांबली.

एक्केचाळिसाव्या दिवशी इंद्रकेतू माणसे घेऊन भट्टीवर आला.

"काढ चुना."

"नाही पिकला."

"एक्केचाळीस दिवस झाले."

"झाले असतील. हात नाही म्हणतो."

"हात म्हणतो!" इंद्रकेतूने आपल्या माणसांकडे पाहिले. "मग मी माझ्या गुडघ्याला विचारू का, तो काय म्हणतो?" माणसे हसली. "ए बाई, ग्रंथात पंजा कुणाचा आहे?"

"माझाच."

"वर काय लिहिलंय?"

"मला काय ठाऊक? मला वाचता येतं का?"

"चाळीस दिवस लिहिलंय. तूच सांगितलंस. तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस?"

तेव्हाही सामा खरे बोलली होती आणि आताही खरेच बोलत होती. पण दोन्ही खरे एकाच वेळी कसे, हे तिला शब्दांत मांडता येईना. "तो खड्डा निराळा होता," एवढेच ती म्हणाली.

"चुना तो चुना," इंद्रकेतू म्हणाला. "कामगार बाया नेहमीच नाही म्हणतात. काम लांबलं की ह्यांचं बरं चालतं."

सामा खड्ड्याच्या काठावर आडवी उभी राहिली. दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला बसवले आणि चुना काढून नेला. ती तिथेच बसून ओरडत होती, "अरे, पाणी भरायचंय त्यात! खाली माणसं राहतात!" गाड्या टेकडीकडे निघून गेल्या.

हौद वेळेवर पुरा झाला. फाल्गुनात त्यात पाणी भरले. कुंभारवाड्यातल्या बायांनी हौदाला हळदीकुंकू वाहिले आणि पोरांनी गोडे पाणी पोट फुटेस्तोवर पिऊन घेतले. चैत्रात एके दुपारी हौदाची खालची भिंत उकलली. पाण्याचा लोंढा उतारावरून कुंभारवाड्यात शिरला. अकरा घरे वाहून गेली. एक म्हातारा कुंभार चाकावर बसला होता, तो तिथेच गेला. त्याची बहीण त्याला उठवायला धावली होती, तीही गेली.

राजाने न्यायसभा बोलावली. इंद्रकेतू पुढे आला. तो खोटे एक अक्षर बोलला नाही. "महाराज, मी ग्रंथाप्रमाणे केलं. ग्रंथात चाळीस आहे, मी एक्केचाळीस दिवस थांबलो. चाळीस कुणी सांगितलं, ते पंजाच सांगेल."

पट उलगडला. पंजा होता. सामाला विचारले, हा तुझा हात का? ती म्हणाली, होय. मग चाळीस तू सांगितलेस का? होय. मग चुना कच्चा आहे असे तू एक्केचाळिसाव्या दिवशी म्हणालीस का? होय. तुला ते कशावरून कळले?

"हाताने कळलं."

"हाताला काय कळलं ते सभेला सांग."

सामाने हात उचलला, बोटे एकमेकांवर चोळली आणि हात पुन्हा खाली घेतला. सभेतल्या विद्वानांनी एकमेकांकडे पाहिले. ज्याला कारण सांगता येत नाही, त्याला ठाऊक नसते, असे त्यांचे मत पडले. तिचे एक्केचाळिसाव्या दिवसाचे 'नाही' म्हणजे अंधारात फेकलेला दगड होता, तो लागला. चाळीस मात्र शपथेवर सांगितलेले होते, आणि ते खोटे निघाले. राजाने नाइलाजाने नियम वाचायला सांगितला. येत्या पौर्णिमेला सामाचा उजवा हात तोडायचा, असे ठरले.

निकाल लिहायला प्रमुख लेखक बसला होता. वसुगुप्ताने लिहिले, 'चुनेवाली सामा, तिचा उजवा हात'. पुढे त्याला लिहवेना.

इंद्रकेतू जवळच बसला होता. तो वाकून हळूच म्हणाला, "लिहा ना लेखक. शब्द तिचा, अक्षर तुमचं. अक्षरात कुठे चूक आहे?"

अक्षरात चूक नव्हती, आणि वसुगुप्ताला तेच खुपत होते. तापलेले बैल त्याला आठवले. समोरचा तो एक खड्डा आठवला. चुन्याची कुरकुर लिहायची त्याला लाज वाटली होती, तेही आठवले. ओळ पुरी केली असती तर त्याचे काहीच जाणार नव्हते. छत्री राहिली असती, मान राहिला असता. कुणाच्या मनातही आले नसते.

त्याने लेखणी खाली ठेवली आणि तो उठून उभा राहिला.

"महाराज, ह्या पटावर खोटं मी लिहिलं आहे. तिने एका खड्ड्याचं सांगितलं, मी जगातल्या सगळ्या चुन्याचं लिहिलं. तिचा हात काय सांगतो ते मी ऐकलंच नाही. मला आकडा हवा होता."

"हाताचं सांगणं म्हणजे काय, ते तुला तरी ठाऊक आहे का?" राजाने विचारले.

"नाही. म्हणून मला वेळ द्या. आश्विनी पौर्णिमेपर्यंत मी तिच्या खड्ड्यावर काम करतो. तिला काही कळतं की ती नुसता अंदाज करते, हे मी येऊन सांगेन. ती अंदाज करते असं निघालं, तर तिच्या हाताशेजारी माझाही ठेवा."

राजाने मान डोलावली.

वसुगुप्ताने छत्री लेखनशाळेच्या कोपऱ्यात ठेवली आणि तो नदीकाठी गेला. सामाला पहाऱ्यात भट्टीवर आणून सोडले होते. त्याला पाहून ती म्हणाली, "आलात? अजून काही लिहायचं राहिलं होतं?"

"मावशी, चूक माझी आहे."

"ते मला ठाऊक आहे. तुमच्या चुकीने माझा हात परत चिकटणार आहे का?" तिने एक फावडे त्याच्या पायाशी टाकले. "कळी ओढा."

पहिल्या दिवशी त्याने खड्ड्यात हात घातला. त्याला ओला, पांढरा गारा लागला. दुसऱ्या खड्ड्यात घातला, तसाच गारा लागला. "दोन्ही सारखेच आहेत," तो म्हणाला. सामा हसली नाही आणि रागावलीही नाही. "असणारच," म्हणाली.

संध्याकाळी त्याच्या बोटांची कातडी जळून सोलली. सामाने तिळाचे तेल आणून त्याच्यापुढे आदळले. "चोळा. आणि उद्या चुन्यात हात घालायच्या आधी चोळा. एवढी अक्कल सांगावी लागते." चार-आठ दिवसांनी ती त्याला अरे-तुरे करू लागली. भट्टीवर हाताखाली असणाऱ्याला कुणी अहो म्हणत नाही.

तो सारखा विचारायचा. आता काय लागलं? आता पिकला का? कालच्यापेक्षा काय फरक आहे? एकदा सामाने त्याचे मनगट धरून हात चुन्यात दाबला आणि म्हणाली, "बोलू नकोस. तू बोललास की हात बहिरा होतो."

मग तो बोलायचा थांबला. ती हात घाली, तोही घाली. ती हात काढी, तोही काढी. तिचा चेहरा पाहायची सवय त्याला लागली होती. तेही तिच्या लक्षात आले. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहू लागली. ऐन पावसाळ्यात भट्टी विझायची, मग दोघे झाकलेल्या खड्ड्यांपाशी बसून भाकरी खात. तिथे एकदा ती म्हणाली, "तुला खरं सांगू? त्या दिवशी मला आकडा सांगायचा नव्हता. पण तू इतका शिकलेला. मला वाटलं, आपल्यालाच काही सांगता येत नाही, तर आपणच अडाणी. म्हणून सांगून टाकला." वसुगुप्ताने भाकरी खाली ठेवली. त्याने डोळे पुसले. ती पुढे म्हणाली, "जेव आता. रडून भाकरी खारट करू नकोस."

चौथ्या महिन्यात एका सकाळी तो मनात कसलातरी श्लोक घोळवत होता. सवयीने त्याने तिसऱ्या खड्ड्यात हात घातला, काढला आणि म्हणाला, "नाही." पुढच्या खड्ड्याकडे गेल्यावर त्याला कळले, की आपण काय म्हणालो. तो मागे वळला. पुन्हा हात घातला. खरेच, आत काहीतरी स्वस्थ नव्हते. ते कण नव्हते, उष्णता नव्हती. त्यासाठी त्याने आयुष्यभर जमवलेल्या शब्दांमध्ये शब्द शोधला आणि एकही सापडला नाही. तो तसाच कोपरापर्यंत चुन्यात हात घालून उभा राहिला. सामाने वळून न पाहताच गुळाचा खडा मागे फेकला. तो त्याच्या पायाशी येऊन पडला.

आश्विनी पौर्णिमेला सभा भरली. राजाने विचारले, "वसुगुप्ता, बाईला काही कळतं की ती अंदाज करते?"

"कळतं, महाराज. मलाही थोडं कळू लागलं आहे."

"काय कळतं ते सांग."

"ते मला सांगता येत नाही."

सभेत हशा पिकला. इंद्रकेतू उभा राहिला. "सहा महिन्यांपूर्वी एकच मुकं होतं, आता दोन झाली. महाराज, हाताची साक्ष कुठल्या न्यायसभेत चालते?"

वसुगुप्त राजाकडे वळला. "मागच्या वर्षी महाराज आपल्या कुमुदिनी घोडीवरून उतरले आणि म्हणाले, ही लंगडते आहे. अश्ववैद्याने चारही पाय पाहिले. म्हणाला, काही नाही. तिसऱ्या दिवशी खुरात काटा सापडला. आपल्याला कशावरून कळलं होतं?"

राजा म्हणाला, "ती नीट चालत नव्हती."

"वैद्याला नीट चालताना दिसली. आपल्याला काय दिसलं?"

"दिसलं काही नाही." राजा क्षणभर घोटाळला. मग जरा लाजून म्हणाला, "मांडीला कळलं."

"मांडीची साक्ष आपण मानलीत, महाराज. वैद्याला पुन्हा पाहायला लावलंत, म्हणून घोडी वाचली."

पण इंद्रकेतू हुशार होता. "मग पारखा ह्यांना," तो म्हणाला. "नऊ हंडे चुना आणवतो, नऊ भट्ट्यांवरून. बाई एकदा हात घालील, लेखक एकदा. एकमेकांसमोर नाही. अंदाज असेल तर दोघांचे अंदाज जुळायचे नाहीत. जुळले नाहीत, तर दोन्ही हात तोडा."

राजाने ते मान्य केले. हंडे आले. वसुगुप्ताला बाहेर नेले. सामाने प्रत्येक हंड्यात हात घातला, आणि पिकला की कच्चा ते एकेकाचे सांगितले. दुसऱ्या लेखकाने लिहून घेतले. मग तिला बाहेर नेले आणि वसुगुप्ताला आत आणले. त्याने पहिला हंडा पाहिला, दुसरा पाहिला. सातव्या हंड्यात त्याचा हात बराच वेळ राहिला. शेवटी तो म्हणाला, "पिकला."

दोन्ही याद्या वाचल्या. आठ हंडे जुळले. सातव्याला सामा कच्चा म्हणाली होती.

"फसलं!" इंद्रकेतू म्हणाला. "दोघांपैकी एक खोटं आहे, महाराज. मग बाकीच्या आठांचं तरी काय खरं?"

सामाला आत आणून हे सांगितले. तिने आधी इंद्रकेतूकडे पाहिले, मग वसुगुप्ताकडे. "सातवा पिकला म्हणालास?"

"मला गप्प वाटला, मावशी."

"वाटेल. खडा तळाशी बसलाय, वरवर हात फिरवलास की गप्पच वाटतो." ती राजाकडे वळली. "महाराज, सहा महिन्यांचा हात आणि तीस वर्षांचा हात ह्यात एवढा फरक असायचाच. कढत पाणी आणवा. उकळतं."

उकळते पाणी आणले. सामाने सातव्या हंड्याच्या तळातून मूठभर चुना काढला आणि परातीत ठेवला. दिसायला तो बाकीच्यांसारखाच पांढरा, मऊ होता. तिने वरून पाणी ओतले. काहीच झाले नाही. इंद्रकेतू तोंड उघडणार, एवढ्यात परातीतून सूं असा आवाज आला. वाफ निघाली. चुन्याच्या मधोमध वाटाण्याएवढा एक खडा तडकला आणि फुगत फुगत फुटला. परात हलली.

हौदाची भिंत कशी उकलली, ते सभेने त्या परातीत पाहिले. मागे कुंभारवाड्यातली माणसे बसली होती. त्यातली एक बाई पदर तोंडाला लावून रडू लागली.

वसुगुप्त म्हणाला, "महाराज, माझा हात चुकला, तो मान्य करतो. ग्रंथाच्या पटावरचं अक्षर चुकलं नव्हतं, म्हणूनच ते इतकं घातक झालं. हात तोडायचा असेल तर लिहिणारा तोडा." आणि त्याने आपला उजवा हात पुढे केला. सामाने त्याचा हात मागे लोटला आणि स्वतःचा पुढे केला. "मला विचारता येत होतं, काय लिहिलंस म्हणून. मी विचारलं नाही. दोन माणसं माझ्याही पंजाखाली गेली."

राजाने खाली पाहिले. दोन्ही हात तडे गेलेले, नखांत चुना भरलेला, कातडी सारखीच पांढरी. लेखकाचा कोणता आणि चुनेवालीचा कोणता, ते त्याला ओळखू येईना.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने बाह्या सारून सातव्या हंड्यात हात घातला, मग आठव्यात. "मला दोन्ही सारखेच लागतात," तो म्हणाला.

"असणारच," सामा म्हणाली.

त्या दिवसापासून पोतन नगरात पंजाचा नियम बंद झाला. टेकडीवर नवा हौद बांधला. सामाचा हात हो म्हणेपर्यंत चुना उचलायचा नाही, अशी आज्ञा निघाली. एका खड्ड्याला एकशेबारा दिवस लागले, शेजारच्याला त्रेपन्न. कुणी का म्हणून विचारले नाही. वाहून गेलेली अकरा घरे राजाने बांधून दिली. दोन माणसे काही परत आली नाहीत, आणि सामाने दर चैत्रात त्यांच्या नावाने नदीत दिवा सोडला. इंद्रकेतूला तीन वर्षे भट्टीवर राबायची शिक्षा झाली. सामा म्हणाली, "मला नको. हा फार बोलतो." पण राजाने ऐकले नाही, आणि दुसऱ्या वर्षी इंद्रकेतू खरोखरच कमी बोलू लागला.

वसुगुप्ताने छत्री परत घेतली नाही. त्याने ग्रंथ जाळलाही नाही. चुन्याचा पट तेवढा त्याने नवा लिहिला. चुनखडी कशी भाजावी, कळी कशी फोडावी, हे सगळे लिहिले. दिवसांच्या जागी लिहिले, 'इथून पुढे लेखकाला येत नाही. खड्ड्यापाशी जावे, जो करतो त्याच्याबरोबर हात घालावा, आणि तो नाही म्हणाला तर थांबावे.' त्याखाली दोन पंजे उमटवले. ते गेरूचे नव्हते, चुन्याचे होते.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही गोष्ट विहारात एका वादावरून सांगितली. तिथे एक वृद्ध भिक्खुणी होती. अनेक वर्षे संघात राहून तिला एक गाथा धड पाठ म्हणता येत नव्हती. पण आजारी माणसाजवळ ती नुसती हात धरून बसली, तरी त्याचा श्वास सावकाश होई. एका पाठांतरात पटाईत भिक्खूने तिला भर सभेत विचारले होते, तुम्ही इतक्या वर्षांत काय जाणलंत ते सांगा. तिला सांगता आले नाही. तेव्हा तो म्हणाला होता, जे सांगता येत नाही ते जाणलेलेच नसते. संघाच्या एका उपासकाला ते ऐकून वाईट वाटले, आणि त्याने शास्त्यांना विचारले.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा सुयाम म्हणजे हा विचारणारा उपासक. स्थपती इंद्रकेतू म्हणजे हा पाठांतर करणारा भिक्खू. तेव्हाही तो वाईट नव्हता, घाईत होता. चुनेवाली सामा म्हणजे ही कोपऱ्यात बसलेली भिक्खुणी. आणि ज्याने तिचं बोलणं लिहून तिचा हात धोक्यात घातला, आणि मग त्याच हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला, तो लेखक मीच होतो."

भिक्खूने मान खाली घातली. मग तो उठला, कोपऱ्यात गेला आणि भिक्खुणीपुढे बसला. ह्या वेळी त्याने काही विचारले नाही. तिने आपला खरखरीत हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

वसुगुप्ताने त्या जन्मी पुरी केली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.